वाहक

मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल.
आजारी असेल तर आत काळं भरायचं,
गेलं असेल तर वरून तिरकी रेघ.
चराईतल्या दोन खोल्यांत
डॉक्टर चारुशीला टिपणीसांनी पहिल्या दिवशी
मला एवढंच शिकवलं,
आणि म्हणाल्या, रेघ पट्टीने मार, हात कापतो.

एकतीस वर्षं मी पट्टीने रेघा मारल्या.

उल्हासनगरहून यायचे, मुरबाडहून, मुंब्र्याहून,
न सावरणारी मान खांद्यावर घेऊन.
बाई आधी विचारायच्या, जेवलात का.
मग विचारायच्या, लग्न नात्यातलं?
मामाची मुलगी, बाप म्हणायचा,
घरचा पत्ता सांगावा तसा.
मी दोघांमध्ये दुहेरी रेघ ओढायचो.

समजावताना त्या टीएमटीवर यायच्या.
वाहक म्हणजे आपला बसमधला वाहक हो,
त्याला स्वतःला काही होत नाही,
तो फक्त तिकीट पुढे देतो.
दोन वाहक एका घरात आले
तर दर खेपेला रुपयात चार आणे.
मग मागच्या वेळी चार आणे गेले ना, आता बाराच उरले?
नाही. दर खेपेला रुपया नवा.
हे त्या इतक्या हळू म्हणायच्या
की मला पंखा बंद करावा लागे.

औषध बहुतेकांना नव्हतंच.
एकाला होतं, त्याची किंमत ऐकून बाप हसला,
महिन्याची की जन्माची?
बाईंनी तो आकडा कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिला
आणि पत्रं पाठवत राहिल्या.
एकेचाळीस पत्रांनंतर एका मुलीला सुई मिळाली.
ती कळव्यात बारावीला आहे.
एक.

एका रात्री फ्रीझर बंद पडला.
मी चेंदणी कोळीवाड्यात पळालो.
मालन नाखवा झोपेतून उठल्या, कशाला ते विचारलं नाही,
पापलेटांवरचा बर्फ दोन टोपल्या भरून दिला.
सकाळपर्यंत नऊशे मुलं
मासळीच्या वासात गार राहिली.

त्यातच नळी क्रमांक दोनशे चौदा.
भावेश घरत, काल्हेर, वय दीड. तिरकी रेघ.
निदानाचा रकाना कोरा.
बावीस वर्षांनी, स्वतः निवृत्त झाल्यावर,
बाईंनी ती नळी पुन्हा मागवली.
तीन अब्ज अक्षरांत एक चुकलेलं होतं.
त्याभोवती त्यांनी पेन्सिलने गोल केला
आणि समोरचा चहा प्यायल्या, साय आलेला.

फोन लागेना. आम्ही रिक्षा केली.
काल्हेरला आता शेतं कुठली, गोदामंच गोदामं.
विचारत विचारत द्वारकाताई सापडल्या,
खोकी चिकटवताना.
बाईंनी नाव सांगितलं.
आजाराचं धड बारसंही झालेलं नाही,
नाव म्हणजे चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा.
द्वारकाताईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं.
चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवलं.

म्हंजे माजा दूध नव्हता?

नाही हो.

सासू मरंपर्यंत सांगत होती, दुधानं गेला पोर.

एक ट्रक मागे येत होता, त्याचं ते गाणं वाजत.
ते थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग बाईंनी पिशवीतून कागद काढला:
काळा चौकोन, आणि शेजारी
धाकट्या बहिणीचा गोल, कोरा.
लगीन ठरलंय तिचा, द्वारकाताई म्हणाल्या,
माज्या भावाच्याच…
आणि त्या कागदाकडे बघत राहिल्या.

पोरगी पलीकडच्या रांगेतून आली, हातमोजे काढत.
बाईंनी तिला बसचं सगळं सांगितलं,
तिकीट, रुपया, चार आणे.
तिने ऐकलं. बाही वर केली.
लवकर घ्या काका, म्हणाली,
माजी सुट्टी दहाच मिनिटांची आहे.